छावणीवाल्या मॅडमची साक्ष

रविवारी उपासना संपली की आमच्या चर्चमध्ये साक्षी सुरू व्हायच्या, आणि साक्षी सुरू झाल्या की मला खोकला सुरू व्हायचा. खोकल्याचा फायदा असा, की तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेलं तरी कुणी नावं ठेवत नाही. बाहेर कडुनिंबाखाली उभी राहून मी आतलं सगळं ऐकायची. न ऐकून जाणार कुठं, माइकचा आवाज गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीपर्यंत जायचा.

साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. कोर्टातही साक्ष असते, पण तिथं निदान उलटतपासणी होते. आमच्याकडं टाळ्या होतात. नवे पाळकसाहेब आले आणि त्यांनी या साक्षींना एक वळण लावलं. माणूस तरुण, मनानं चांगला, पण उत्साह इतका की बघणाऱ्याला धाप लागावी. त्यांनी जाहीर केलं, की आठवड्यात ज्यानं कुठं प्रवास केला असेल, त्यानं पुढं येऊन सांगायचं: वाटेत कुठल्या अनोळखी माणसाला येशूबद्दल सांगितलं आणि पुढं काय घडलं. देव प्रवासात अचानक संधी देतो म्हणाले, आपण खिडकीतून बाहेर बघत बसतो आणि ती हुकते.

महिला मंडळाच्या सेक्रेटरीणबाईंची एकही हुकत नसे. बाई महिन्यातून एकदा जालन्याला बहिणीकडं जायच्या, एस.टी.नं, तास-दीड तासाचा रस्ता. तेवढ्यात शेजारची बाई रडायची, मागच्या सीटवरचा म्हातारा रडायचा, कंडक्टर तिकिटं देता देता रडायचा. एकदा तर ड्रायव्हरचेही डोळे भरून आले म्हणाल्या. मी बाहेर झाडाखाली कपाळाला हात लावला. अहो बाई, मग गाडी कोण चालवत होतं?

मी देवाला मानत नाही असं कुणी समजू नये. आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. मी देवाशी रोज बोलते, भांडतेसुद्धा, आणि त्याचं तो ऐकतो असा माझा अनुभव आहे. पण अनोळखी माणसाला गाठून 'मेल्यावर तुम्ही कुठं जाणार' असं विचारायचं माझ्या अगदी जिवावर यायचं. त्यात माझा प्रवास काळीपिवळीचा. काळीपिवळी म्हणजे आमच्याकडची वडाप जीप. नऊ माणसांच्या जागेत चौदा बसतात आणि पंधरावा दाराला लटकतो. अशा गाडीत मरणानंतरचा विषय काढायला वेगळी पत्रिका लागत नाही, तो सगळ्यांच्या मनात असतोच.

तेव्हा मी चितेगावच्या एका कारखान्यात हजेरीच्या टेबलावर क्लार्क होते. घर हर्सूलला, जेलच्या मागच्या अंगाला. कुणी विचारलं कुठं राहता, आणि मी हर्सूल म्हटलं, की समोरचा हमखास विचारणार, 'किती वर्षांची झाली?' औरंगाबादचा हा विनोद गावाइतकाच जुना. गावाचं नाव बदललं, विनोद काही बदलला नाही. तर हर्सूलहून सिटी बसनं स्टेशन, स्टेशनहून काळीपिवळीनं पैठण रोड, आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा.

ती वर्षं दुष्काळाची. ओळीनं दुसरा पावसाळा कोरडा गेला होता आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही सर्दी झाल्यासारखं. शहर मात्र असं फुगत चाललं होतं, की दुष्काळाची खबर त्याला कुणी दिलीच नसावी. पैठण रोडला एका हाताला कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या आणि भेगाळलेली रानं, दुसऱ्या हाताला प्लॉटिंगच्या कमानी. कमानीवर 'गार्डन' लिहिलेलं आणि आत गवताची काडी नाही. रंगीत झेंडे तेवढे फडफडायचे.

कुणीतरी पाळकसाहेबांच्या कानावर घातलं, की ही बाई रोज दोन वेळा प्रवास करते. कुणी घातलं ते मला ठाऊक आहे. पुढच्याच रविवारी त्यांनी मला झाडाखाली गाठलं.

"ताई, रोज दोन संधी! आणि तुम्ही इथं खोकत उभ्या?"

त्यांनी पत्रिकांचा एक गठ्ठाच माझ्या हातात ठेवला. पत्रिका त्यांनी स्वतः छापून घेतली होती. वर उगवत्या सूर्याचं चित्र, मधे बारीक अक्षरात मजकूर, आणि खाली टिंबांची रेघ मारून फाडून घ्यायची चिठ्ठी. चिठ्ठीवर रकाने: नाव, गाव, तुमची विनंती, सही. चिठ्ठी आपण चर्चमध्ये आणायची, त्या माणसासाठी प्रार्थना व्हायची. वरचा सूर्य त्या माणसाकडं राहायचा. प्रार्थनेला सही कशाला लागते, हे मी विचारलं नाही. त्या वर्षी टँकरला फॉर्म, रॉकेलला फॉर्म, दाखल्याला फॉर्म असं चाललं होतं. पाळकसाहेबांच्याही डोक्यात तेच बसलं असणार.

पहिली पत्रिका मी एका प्लॉटवाल्या एजंटाला दिली. तो माझ्या शेजारी अर्ध्या मांडीवर बसला होता, तेव्हा पळून जाण्याची सोय नव्हती. त्यानं ती वरपासून खालपर्यंत मन लावून वाचली. मला वाटलं, अरे वा, जमलं की! मग त्यानं बॅगेतून आपला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर निळाशार तलाव आणि नारळाची झाडं, पत्ता चितेगावच्या अलीकडचा.

"मॅडम, तुमचं पझेशन मेल्यावर," तो म्हणाला, "आमचं सहा महिन्यांत. विचार करा."

सगळी जीप हसली. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "क्या मॅडम, पर्चे बाँटते क्या? इलेक्शन आया क्या?" मी उरलेला गठ्ठा पर्समध्ये कोंबला आणि मनातल्या मनात पाळकसाहेबांची यथेच्छ पूजा बांधली.

त्यानंतर पंधरा दिवस मी कुणाला काही दिलं नाही. रविवार आला की खोकायचं, सोमवार आला की गठ्ठा घेऊन फिरायचं. एका सकाळी रुमाल शोधायला म्हणून मी तो गठ्ठा पर्समधून काढून मांडीवर ठेवला, आणि नेमकी तेव्हाच मधल्या एका फाट्यावर जीप थांबली. एक मावशी चढली. साठीच्या आसपासची, हिरवं लुगडं, कपाळावर आणि हातांवर गोंदण, हातात काठी. काठीसकट माझ्या शेजारी बसली. दोन मिनिटं तिनं माझ्याकडं, मग माझ्या पर्सला अडकवलेल्या पेनाकडं, मग मांडीवरच्या कागदांकडं पाहिलं. खालच्या रकान्यांवर तिची नजर थांबली.

"बाई, ह्यो फारम हाय का?"

"हो, खाली भरायचा आहे."

"मंग माझा भरा."

मला खरंच भरून आलं. अहो, मी एक शब्द बोलले नव्हते! इतके दिवस ज्या संधीपासून मी तोंड लपवत होते, ती काठी टेकत येऊन शेजारी बसली होती. मी पेन काढलं. नाव विचारलं, गाव विचारलं. मग जरा आवाज मऊ करून विचारलं, "मावशी, तुमची विनंती काय?"

"दोन गाया हायेत. चारा पायजेल. दुसरं काय मागू?"

मी लिहिलं: दोन गायी, चारा. मागणं साधं होतं, पण देवापुढं कुणी काय मागावं हे ठरवणारी मी कोण? तोवर तिनं माझ्या हातातलं पेन घेऊन त्याचं टोक अंगठ्यावर घासायला सुरुवात केली होती. निळा झालेला अंगठा तिनं सहीच्या रकान्यात नीट दाबला, जराही न फरकटता. सवयीचा अंगठा होता तो. आणि मग म्हणाली, "आता छावणीत नंबर कव्हा लागंल?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. छावणी म्हणजे दुष्काळात सरकारी मदतीनं उघडलेला गुरांचा तळ. तिथं नाव लागलं की जनावराला रोजचं चारा-पाणी मिळतं. मावशी सांगत होती, की ती दोनदा तिथं जाऊन आली, दोन्ही वेळा फॉर्म भरून आण म्हणाले. फॉर्म भरणार कोण? म्हातारा आणि लेक मेंढरं घेऊन गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठाला गेलेले, सून बाळंतपणाला माहेरी. घरी ही आणि दोन गायी. आणि आता देवानं बाईच गाडीत पाठवली म्हणाली.

मी तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं: मावशी, हा छावणीचा फॉर्म नाही. पण एवढ्यात चितेगाव आलं, ड्रायव्हर 'चलो मॅडम, जल्दी' म्हणून ओरडला, मागचे तिघं माझ्यावरून उतरायला लागले. मी सूर्याचा तुकडा तिच्या हातात ठेवला, चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि उतरले. पुढच्या वेळी भेटली की सांगू म्हटलं. गाडी सुटली तेव्हा ती तो कागद कपाळाला लावत होती.

घाई होती हे खरं. पण सगळं खरं सांगायचं तर माझ्या पर्समध्ये पहिल्यांदा एक भरलेली चिठ्ठी होती, आणि दोन दिवसांवर रविवार होता.

त्या रविवारी मला खोकला आला नाही. पाळकसाहेबांनी विचारायच्या आत मी उभी राहिले. पहिलं वाक्य अगदी खरं होतं: "एका धनगर समाजाच्या आईनं स्वतःहून माझ्याकडं मागितलं." मंडळी एकदम शांत झाली. आणि ती शांतता मला दारूसारखी चढली हो! तिच्या डोळ्यांत तहान होती म्हटलं. सही करताना तिचा हात थरथरत होता म्हटलं. पाळकसाहेबांनी विचारलं, तिची विनंती काय होती? चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. दोन गायी, चारा. एवढी उंच चढवलेली साक्ष मी गायीवर आणून उतरवू? मी म्हणाले, "आत्म्याची शांती."

टाळ्या झाल्या. सगळ्यांनी डोळे मिटून तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली, चांगली लांब, गुडघे टेकून. सेक्रेटरीणबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या मी एका डोळ्यानं बघितल्या. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. माझी ती पहिली आणि शेवटची साक्ष. सेक्रेटरीणबाई ती अजून सांगतात, दुसऱ्या चर्चमध्ये गेल्या की. माझ्यापेक्षा चांगली सांगतात. त्यांच्या साक्षीत शेवटी पाऊसही पडतो.

सोमवारी लांबूनच मला फाट्यावर हिरवं लुगडं दिसलं. जीप भरलेली होती, ड्रायव्हरनं थांबवली नाही. ती एका हातानं कागद आणि एका हातानं काठी उंचावून उभी होती. मी खाली वाकून चपलेचा पट्टा ठीक करायला लागले. मंगळवारीही तो पट्टा ठीकच करत होते. बुधवारपासून मी अर्धा तास आधीची गाडी धरली. ती त्या वेळीही तिथं होती. मग मी तोंडाला स्कार्फ बांधला. उन्हाळ्यात आमच्याकडं सगळ्याच बाया डोळे तेवढे उघडे ठेवून तोंड बांधतात. पण माझ्याइतकं आवळून पैठण रोडला कुणी बांधत नसेल.

रोज ठरवायची, आज उतरायचं आणि सांगायचं. रोज गाडीला घाई असायची, ऊन असायचं, हजेरीला उशीर व्हायचा. शिवाय मनात एक वकील बसलेला. तो म्हणायचा, अगं, ती एव्हाना छावणीत गेली असेल, तिथं सांगितलं असेल कुणीतरी. मग फाटा यायचा आणि हिरवं लुगडं दिसायचं, आणि वकील गप्प बसायचा.

दुसरा आठवडा संपत आला होता. मी पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसले होते, तोंड बांधून. त्यानं गियर टाकता टाकता मला ओळखलं.

"मॅडम, वो फाटेवाली मावशी रोज पूछती. छावणीवाल्या मॅडम कव्हा येणार म्हणते. कागद सबको दिखाती. मैं बोला, मॅडम बडे लोग हैं, दौरे पे हैं." तो हसला. मग हसणं आवरून म्हणाला, "एक गाय बेच दी बोली, बाजार में. चारा खतम हो गया ना उसका."

"कधी?"

"परसों."

फाट्यावर मी गाडी थांबवायला लावली. स्कार्फ सोडला आणि उतरले. मावशी बाभळीच्या तोकड्या सावलीत बसली होती. मला बघताच काठीवर भार देऊन उठली. वाटलं होतं, अंगावर धावून येईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"आल्या का बाई! म्या म्हणतच व्हते, येतील म्हणून. लई काम आसंल तुमाला."

मी तिथंच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. हा कागद छावणीचा नाही. मी छावणीची नाही. हा आमच्या चर्चचा कागद आहे, प्रार्थनेचा. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी बोलले नाही. बोलताना मी तिच्याकडं बघत नव्हते, तिच्या हातातल्या कागदाकडं बघत होते. तो चार घड्या पडून मऊ झाला होता आणि सूर्याचा रंग उडाला होता.

मग ती बोलली ते सगळं एका दमात.

"तवाच बोलायचं नाय का? तोंडात काय गूळ धरला व्हता? शेजारीण म्हनली, कागद मिळाला म्हंजी थांब, आता नंबर लागतोय. म्हून थांबले. घरातलं सरमाड सपलं तरी थांबले. छपराचा पाला काढून घातला. दोघी हंबरत्यात, रातभर हंबरत्यात. दोघीला पुरंना, मंग एक काढली. नायतर म्या कुनाचे तरी पाय धरून फारम लिवून घेतला आस्ता. कागद हाय म्हून गप बसले मी!"

मी एवढंच म्हणाले, "चला मावशी, गाय सोडा. छावणीत जाऊ."

"आता तुमी येता व्हय," ती म्हणाली. पण गाय सोडायला निघाली.

छावणी तिथून तासभर पायी. पुढं मावशी, मधे गाय, मागं मी हजेरी-क्लार्क, ऑफिसच्या चपला फुफाट्यात बुडवत. गायीच्या बरगड्या मोजता येत होत्या. वाटेत दोन प्लॉटिंगच्या कमानी लागल्या. एकीतून वॉचमन बाहेर आला आणि 'इधर से नही, कस्टमर आते' म्हणून आम्हाला हाकललं. आत कुठलाच कस्टमर नव्हता. मावशीनं त्याला अशी एक शिवी हासडली, की मी ख्रिस्ती बाई असूनही मला समाधान वाटलं.

छावणीत टेबलावर एक माणूस बसला होता. फॉर्म मागितला तर त्यानं गठ्ठ्यातून एक काढून दिला, इतकं सोपं. खरा फॉर्म पाळकसाहेबांच्या पत्रिकेपेक्षा कळकट होता आणि त्यावर सूर्यबिर्य काही नव्हता. मी भरला. नाव, गाव लिहिलं. जनावरांची संख्या विचारली होती, तिथं पेन थांबलं.

"एक लिवा," मावशी म्हणाली. "थांबता कशाला?"

मी एक लिहिलं. तिनं अंगठा केला. टेबलावरचा म्हणाला, वेळेत आलात, परवापासून नवीन जनावर घेणं बंद. गायीच्या कानात पिवळा बिल्ला मारला तेव्हा ती जरा उडाली, मग तिच्यापुढं उसाच्या वाढ्याचा भारा पडला आणि तिनं कान, बिल्ला, आम्ही दोघी, सगळं सोडून दिलं. आम्ही तिथंच एका मेढीला टेकून बसलो. कितीतरी वेळ आम्ही नुसतं तिचं खाणं ऐकत होतो.

मग मावशीनं कनवटीचा तो चुरगळलेला कागद काढला.

"मंग ह्यात काय लिवलंय?"

आता घ्या! न मागता आलेली संधी, आणि मी शेणात बसलेली, तोंड दाखवायला जागा नसलेली. पत्रिकेतला मजकूर वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. मी माझ्याच शब्दांत सांगितलं. म्हटलं, आमचा देव येशू. राजाच्या घरी नाही, गरिबाच्या पोटी आला. आईबाप प्रवासात होते, उतरायला कुठं जागा मिळाली नाही, तेव्हा गुरांच्या गोठ्यात जन्मला. आईनं त्याला गव्हाणीत निजवला.

"गव्हाणीत?" तिनं गायीकडं बघितलं. "मंग त्याला चाऱ्याचं कळत आसंल."

इतकी वर्षं नाताळ करते, दर वर्षी गोठा मांडते, त्यात कापसाची मेंढरं ठेवते. हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, "हो मावशी. कळत असणार."

"त्याला सांगितलं का मंग माझं?"

"सांगितलं. सगळ्या चर्चनं सांगितलं. गुडघे टेकून."

"गायांचं?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. सवय झाली होती. पण गाय समोर खात होती आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

"नाही," मी म्हणाले. "तुमच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून सांगितलं."

"माझ्या आत्म्याला काय झालंय?" ती ताडकन म्हणाली. "म्या गाया लिवायला सांगितल्या व्हत्या!"

"लिहिल्या होत्या. वाचल्या नाहीत."

"का?"

"लोकांत बरं दिसेना म्हणून."

ती माझ्याकडं बघत राहिली. त्या नजरेत राग होता की कीव, मला अजून ठरवता आलेलं नाही. मग तिनं पदर डोक्यावर घेतला आणि मांडी सावरून बसली.

"आता सांगा त्याला. हितंच सांगा. आमच्या खंडोबाला म्या सांगितलंच हाय, तुमच्याबी देवाच्या कानावर घाला. बिघडतंय काय?"

आजूबाजूला माणसं होती, पोरं होती, टेबलावरचा माणूस मान वळवून बघत होता. मी हात जोडले आणि डोळे मिटले. आमच्या प्रार्थनांना ठरलेले शब्द असतात. आजाऱ्यांसाठी असतात, राज्यकर्त्यांसाठी असतात, पावसासाठी असतात. बाजारात गेलेल्या गायीसाठी नसतात. मी अडखळत म्हणाले, प्रभू, ही गाय जगव. जी गेली ती माझ्यामुळं गेली. मला टाळ्या पाहिजे होत्या म्हणून गेली. मला क्षमा कर. ती जिथं असेल तिथं तिला चारा मिळू दे, तिला कसायाच्या दारी जाऊ देऊ नको. आणि मावशीला... तिथंच मी आमेन म्हणून टाकलं.

डोळे उघडले तर मावशीचे अजून मिटलेलेच. मग तिनं एक उघडला.

"झालं व्हय?"

"झालं."

"नाव नाय घेतलं तुमी."

"कुणाचं?"

"जी गेली तिचं." तिनं गायीशेजारच्या रिकाम्या जागेकडं काठी केली. "बाजारात काय एकच गाय उभी आस्ती का? त्याला कळायचं कसं, कंची?"

नाव मला माहीत नव्हतं. चिठ्ठीवर बाईचं नाव लिहिलं, गावाचं लिहिलं. गायीचं नाव विचारावं असं ना त्या दिवशी गाडीत सुचलं, ना इतका रस्ता तिच्या जोडीच्या या गायीमागून चालताना. मी विचारलं. मावशीनं मेढीकडं तोंड फिरवलं आणि हाक मारताना घेतात तसं, शेवटचं अक्षर लांबवत, ते नाव घेतलं. खाणारी गाय थांबली. मान वर करून तिनं वाटेकडं बघितलं.

मी पुन्हा हात जोडले, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.